सगळ्या गावाचं बीपी 120/80 कसं काय?

एक्सेलवाला: आमच्याकडच्या उपकेंद्राचं एनसीडी रजिस्टर, म्हणजे बीपी-शुगरवाल्यांच्या नोंदींचं, बघितलं. पानंच्या पानं 120/80, 130/80, 110/70. शेवटचा आकडा कायम शून्य! घरी बसून भरतात हो हे. पगार कापा, दोन महिन्यांत डेटा सुधारतो की नाही बघा.

सिस्टर_उपकेंद्रवाली: वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहितेय. मी एएनएम आहे, उपकेंद्राची नर्स. एकच गरोदर बाई आधी रजिस्टरला लिहायची, मग माता-बाळांच्या आरसीएच पोर्टलला, बाळाची लस यू-विन या लसीकरणाच्या पोर्टलला, महिनाअखेर एचएमआयएसला सगळ्या कामाचे आकडे, आणि रेंज येते रात्री घरी गेल्यावर. शून्याचं म्हणाल तर पाऱ्याच्या मशीनला दोन-दोनच्या खुणा असतात, पारा उतरत असतो, बाहेर पोरं रडतायत, 128 चं 130 लिहिलं जातं. ते खोटं नाही. खोटं कधी लिहिलं जातं सांगू? मशीन बंद म्हणून रकाना रिकामा ठेवला की मीटिंगमध्ये उभं करतात. 120/80 लिहिलं की कोणी विचारत नाही. आणि दादा, रजिस्टर तुम्हाला दाखवलं कोणी? पेशंटची नावं असतात त्यात.

एमओ_आडगाव: सिस्टर, सगळं खरं, पण 138 चं 140 झालं की धडधाकट माणूस कागदावर पेशंट होतो. 2017 ला आयएचसीआय हा बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम आला तेव्हा डिजिटल मशीनवर जोर होता तो उगाच नाही. स्क्रीनवर 137 दिसलं की 137 च लिहितात.

सिस्टर_उपकेंद्रवाली: आणि सेल? ते माझ्या पर्समधून.

रांगेतला: बीपी राहू द्या, आईचा केसपेपर काढायला गेलो तर आधी आभा, म्हणजे तो ऑनलाइन आरोग्य नंबर, काढा म्हणे. ओटीपी जाणार आधारवाल्या नंबरवर, तो भावाचा, भाऊ ड्युटीवर. तासभर रांग खोळंबली.

एक्सेलवाला: 14 आकडी नंबर नको असेल तर एकच शांताबाई तीन स्पेलिंगनी तीनदा नोंदली जाणार, मग रडू नका.

रांगेतला: आभा ऐच्छिक आहे, जीआर वाचत जा जरा! आणि त्यात वय येतं आधारवरून. आईची तारीख 1 जानेवारी. खरी तिलाच माहीत नाही.

गावठी_तर्क: आमच्याकडे 1 जून. शाळेत घालताना गुरुजींनी जे लिहिलं ते लिहिलं.

बारामतीकर: आमच्या घरात तिघांचा वाढदिवस 1 जूनला 😂 केक एकच.

गावठी_तर्क: हसू नका, वडील त्यापायी दोन वर्षं आधी रिटायर झाले.

एमओ_आडगाव: विषय बीपीचा होता.

रांगेतला: तुम्ही एसी केबिनमधून विषय ठरवू नका.

एमओ_आडगाव: एसी? माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पंखा फिरत नाही.

एक्सेलवाला: बरं बाई, पगार नका कापू. पण रकान्यात 'मोजलं नाही' असा पर्याय द्या, आणि तो टिक केला म्हणून कुणाला झापू नका. एवढं तरी चालेल का सिस्टरना?

सिस्टर_उपकेंद्रवाली: पळेल. पुढच्या मीटिंगला तुम्हीच या सांगायला, खुर्ची मी धरून ठेवते.