अमेरिकन कॉलेज फुटबॉल: कॉन्फरन्सबाहेरचे सामने तगड्यांशी घ्यावेत की लिंबूटिंबूंशी?

ऑस्टिनकर
३० ऑगस्ट २०२५ ला आमचं टेक्सास कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटकडून १४-७ हरलं. गतविजेत्यांच्या घरी, लाखभर प्रेक्षकांपुढे, अवघ्या सात गुणांनी. पुढे ओक्लाहोमाला हरवलं, तोवर अपराजित असलेल्या टेक्सास ए अँड एमलाही हरवलं. तरी मोसम ९-३ वर (नऊ विजय, तीन पराभव) संपला आणि बारा संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, जागा मिळाली नाही. कोलंबसऐवजी घरी एखादा दुबळा संघ बोलावला असता तर १०-२ झालं असतं.

या खेळाशी फारशी ओळख नसलेल्यांसाठी: मोसमात बारा सामने. आठ-नऊ स्वतःच्या कॉन्फरन्समधल्यांशी (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट), ते ठरलेलेच. उरलेले तीन-चार कॉलेज स्वतः ठरवतं, मोठ्या संघांशी तर कित्येक वर्षं आधी करार करून.

एवढं सोसूनही मी म्हणतो, तगड्यांशी खेळायलाच हवं. २०२३ मध्ये टस्कलूसात जाऊन आम्ही अलाबामाला ३४-२४ हरवलं. तेव्हा प्लेऑफमध्ये चारच जागा होत्या. एक पराभव पदरात असूनही आम्ही आत गेलो ते त्या रात्रीच्या जोरावर.

हूझियरदादा
ऑस्टिनकर, फ्लोरिडाचं नाव कसं घेतलं नाहीत? मोसमात जेमतेम चार सामने जिंकलेल्या फ्लोरिडाने तुम्हाला २९-२१ हरवलं. तो पराभव कोलंबसच्या माथी मारू नका.

आता आमचं इंडियाना बघा. २०२५ चे बाहेरचे सामने: ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. तिन्ही घरच्या मैदानावर. त्यावरून आम्ही वर्षभर बोलणी खाल्ली. पण बिग टेन या आमच्या कॉन्फरन्समध्ये नऊ सामने खेळावेच लागतात, आणि आम्ही ऑरेगॉनला त्यांच्या घरी हरवलं, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१० हरवलं, शेवटी मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेते झालो. अनेक दशकं हरणाऱ्या संघाला आधी जिंकायची सवय लागावी लागते. सप्टेंबरमध्येच पोरं जायबंदी करून घेण्यात कसला पुरुषार्थ? व्हर्जिनियाशी ठरलेले सामने रद्द केले तेव्हाही लोक ओरडले. मला तो निर्णय तेव्हाही पटला, आजही पटतो.

अ‍ॅन_आर्बरची_मावशी
लिंबूटिंबू कोण, हे आधी कोणी ठरवायचं? १ सप्टेंबर २००७. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने अ‍ॅपलेशियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन घरी बोलावलं आणि ३४-३२ मार खाल्ला. मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. शेवटची किक अडवली गेल्यावर जी शांतता पसरली, ती अजून आठवते.

डेकाल्बची_आई
मावशींनी पैशाचं काढलंत म्हणून लिहिते. माझा मुलगा एका छोट्या कॉलेजच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. अशा कॉलेजांना मोठ्यांच्या घरी खेळायला जे पैसे मिळतात, त्यावर पोहणं, कुस्ती, मुलींचं सॉफ्टबॉल असे खेळ तग धरून राहतात. २०२४ मध्ये नॉटर डेमने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले आणि १६-१४ हरले. नंतर तेच नॉटर डेम राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं, म्हणजे एका हारीने आभाळ कोसळत नाही. ऑस्टिनकरांचं ऐकून सगळे मोठे फक्त एकमेकांशीच खेळू लागले, तर आमच्या मुलांनी कुठे जायचं? आणि लिंबूटिंबू म्हणू नका हो. ती पोरंही तेवढीच राबतात.

ऑस्टिनकर
ताई, शब्द मागे घेतो, मनापासून. आणि तीन-चारपैकी एकच सामना तगड्याशी असावा एवढंच माझं मागणं आहे. बाकीचे तुमच्यासारख्या कॉलेजांशी असायलाच हवेत.

दादा, फ्लोरिडाचं मान्य. तो पराभव आमचाच. पण २०२५ चं मायामी आणि नॉटर डेम बघा. दोघेही १०-२. प्लेऑफची शेवटची जागा मायामीला मिळाली, कारण मोसमाच्या सुरुवातीलाच त्यांनी नॉटर डेमला २७-२४ हरवलं होतं. तो सामना झालाच नसता तर निवड समितीने कशावरून ठरवलं असतं?

हूझियरदादा
आणि त्याच सामन्याने नॉटर डेमला घरी बसवलं. त्यांचा दुसरा पराभव ए अँड एमकडून, ४१-४०. दोन्ही तगडे, दोन्हींत मिळून चार गुणांचा फरक! अशा संघाला बाहेर ठेवलंत तर कुठला कोच असे करार करायला धजावेल? समितीने आधी हे सुधारावं, मग आम्हाला सांगा.

ऑस्टिनकर
समितीने सुधारावं, यावर आपलं एकमत. पण तोवर थांबायला मी तयार नाही. येत्या सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेट परतीच्या सामन्याला ऑस्टिनला येतंय. माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे. दादा, येताय का? राहायला आमच्याकडेच या.