घड्याळ शिकायला पोरांना ॲप हवंच कशाला?

शनिवारपेठी आजोबा
नात पहिलीत आहे. सूनबाईंनी टॅबवर घड्याळ शिकवणारं ॲप घालून दिलंय. काटा बोटाने ओढायचा, बरोबर आलं की फटाके उडतात. पंधरा दिवसांत तरबेज झाली म्हणून घरभर कौतुक. परवा म्हटलं, "पावणेचारला बागेत जाऊ." तर विचारते, "आबा, पावणे म्हणजे चारच्या आधी की नंतर?" मग शिकली काय? आम्हाला आईने लंबकाच्या घड्याळासमोर उभं करून शिकवलं, टोले मोजत. सात वर्षांखालच्या पोराला यासाठी स्क्रीन देऊच नये. बोला.

वारज्याची आई
काका, हा दोष ॲपचा कसा? घरात कुणी पावणे म्हणतच नसेल तर तिने ते ऐकायचं कुठे? आमच्याकडे सगळे 'थ्री फॉर्टीफाइव्ह'वाले, मीसुद्धा. आणि लंबकाचं घड्याळ आणू कुठून? आमच्या हॉलमध्ये वेळ दिसते ती सेट टॉप बॉक्सवर, आकड्यांत.

खडू फळा
पहिली-दुसरीला शिकवते. पुठ्ठ्याच्या घड्याळात एक खोट असते, काटे सुटे फिरतात. साडेतीन लाव म्हटलं की पोरं लहान काटा थेट ३ वर आणि मोठा ६ वर ठेवतात. खऱ्या घड्याळात असं कधीच दिसत नाही. मोठा काटा ३६० अंशांची फेरी मारतो तेव्हा लहान ३० अंश सरकतो, म्हणजे साडेतीनला तो ३ आणि ४ च्या मधोमध हवा. चांगल्या ॲपमध्ये एक काटा ओढला की दुसरा आपोआप सरकतो. एवढ्यासाठी मी ॲपच्या बाजूने. फटाके मात्र बंद करा, पोरं त्यांच्यासाठीच कुठेही बोट मारत सुटतात.

शनिवारपेठी आजोबा
बाई, गजराच्या घड्याळाची मागची कळ फिरवा की! दोन्ही काटे बरोबर फिरतात.

खडू फळा
खरंय, मान्य. पण चाळीस पोरांत एक कळ?

साडेएक
माझी मुलगी 'साडेएक', 'साडेदोन' म्हणते. नियमाने तिचंच बरोबर! दीड आणि अडीच कुठून आले, मला सांगता आलं नाही. ॲप काय सांगणार?

हिंजवडी शटल
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेत २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन म्हटलंय. सहा वर्षांच्या पोरीच्या दहा मिनिटांवरून एवढा गदारोळ? माझी तक्रार वेगळीच आहे. मुलगा ॲपवर सगळ्या वेळा धडाधड सांगतो, पण "पाच मिनिटांत बूट घाल" म्हटलं की एका मोज्याशी वीस मिनिटं खेळतो. पाच मिनिटं म्हणजे केवढी, ते त्याला कळलं गावाला जाताना. सव्वासातची डेक्कन क्वीन फलाटावरून निघाली तेव्हा आम्ही जिन्यावर होतो.

वारज्याची आई
😄 तो जिना कोणत्या ॲपमध्ये मिळेल?

शनिवारपेठी आजोबा
रविवारी जुन्या बाजारातून चावीचं गजराचं घड्याळ आणलं. नात कळ सोडायला तयार नाही. दीड, अडीच पाठ झालं, पावणे अजून डळमळतंय. घड्याळ मात्र दिवसाला सात मिनिटं पुढे पळतं. रोज सकाळी ती टॅबमध्ये बघून ते लावते.

वारज्याची आई
काका!!

शनिवारपेठी आजोबा
बघायला देतो. खेळायला नाही.