अनुभव धागा: साठीनंतरची धावपळ आणि धडपड

खेतवाडीची_लेक
गणपतीआधीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून एक बोचकं निघालं, आत आईचे पांढरे कॅनव्हासचे बूट. डाव्या बुटाला परकराची नाडी ओवलेली! साठी उलटल्यावर डायबेटीस निघाला, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून घेतले होते. पाचवारी साडी आणि खाली बूट, चाळीत काय चेष्टा व्हायची. "काय काकू, परेडला?" ती म्हणायची, "हो, येताय का मागून?" रोज चौपाटीपर्यंत जाऊन येताना भाजी घेऊन यायची. एकदा नळाशी शेवाळावरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टरवर दुधाची पिशवी बांधून आंघोळ करायची. आठवडा उलटायच्या आत पुन्हा चौपाटी, फक्त नाडी बांधायला मी बरोबर.
आता माझेही गुडघे जिन्यात बोलायला लागलेत. तर लिहा, तुम्ही किंवा घरचे ज्येष्ठ हातपाय हलते राहावेत म्हणून काय करता आणि मधली पडापड, हरवाहरवी कशी निभावता. उपदेश नको, अनुभव लिहा.

पार्कातला_पेन्शनर
फुटपाथवरचे हलणारे पेव्हर ब्लॉक. विषय संपला.

सुनंदा_पार्ले
+१ पेव्हर ब्लॉकला.
आमचे सासरे, वय ८१. नवीन प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला आणि स्टेशनच्या जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. एका फेरीवाल्याने धरलं म्हणून वाचले. त्या चष्म्याचा खालचा भाग वाचायचा असतो ना, मान न वाकवता त्यातून खाली बघितलं की पायरी धूसर दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालण्यासाठी नुसता लांबचा वेगळा करून दिला. आता चष्मे दोन, म्हणजे हरवायलाही दोन. काल एक फ्रीजमध्ये सापडला, कोथिंबिरीच्या डब्यावर.

निवांत_अण्णा
फ्रीज काहीच नाही. आमच्याकडे कवळी देवघरात सापडली होती, फुलांच्या परडीत. सौ.ने गुरुजी यायच्या आत उचलली, नाहीतर देवाला वाहिलीच असती.

सुनंदा_पार्ले
अण्णा!! ऑफिसात आहे हो, हसू आवरेना.

फिजिओ_मुलुंड
धागा छान. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक "मी रोज चालतो, तरी पडलो कसा" असं म्हणत येतात. नुसतं चालणं पुरत नाही हो. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण त्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगते. ते कोणी करत नाही. माझ्या एक आजी ओट्याला एक हात टेकून कुकरच्या शिट्टीपर्यंत एका पायावर उभ्या राहतात, पुढच्या शिट्टीला दुसरा पाय. डाळ शिजेस्तोवर व्यायाम झाला. दुसरं म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणं. जमत नसेल तर मांड्यांची ताकद गेलीय असं समजा. आणि हे करताना मागे भिंत किंवा खुर्ची हवीच, एकटं मधोमध उभं राहू नका.

भाऊ_काळाचौकी
रात्री दोनला बाथरूमला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. जाग आली तेव्हा कपाटापाशी पडलेलो, कपाळाला टेंगूळ. बीपीची गोळी चालू होतीच, त्यात प्रोस्टेटची नवीन सुरू झालेली. डॉक्टरांनी आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर चांगलंच खाली आलं. गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि उठल्यावर आधी काठावर बसा, पाय हलवा, मग उभे राहा म्हणाले. आता बसतो. बायको विचारते, अंधारात बसून कसला विचार करता? म्हटलं, उतरावं की नको याचा.

ठमाकाकू
भाऊ, सेम माझ्या मिस्टरांचं. पण ते काठावर बसतात आणि तिथेच परत झोपतात.
माझं वेगळंच. कूस बदलली की अख्खी खोली गरगर फिरायची. सगळे म्हणाले मान, मान. मानेला पट्टा लावून लग्नाला गेले, फोटोत ध्यान दिसते. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी मला पलंगावर बसवलं, डोकं एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं, मग हळूहळू दुसऱ्या बाजूला फिरवलं. पाचेक मिनिटांचा खेळ. आतल्या कानातले बारीक खडे जागचे सुटले होते म्हणे. चक्कर गायब!

सई_भांडुप
काकू, डॉक्टर कुठले? व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आईला अगदी असंच होतंय.

ठमाकाकू
केलाय बघ. पण आधी दाखव हो, सगळीच चक्कर कानाची नसते.

जंगलवाला_बोरिवली
निवृत्तीनंतर रोज नॅशनल पार्क. ७२ चालू आहे, कान्हेरीपर्यंत चढतो अजून. मिशीला अजून काळा केस आहे हेही नमूद करतो. मागच्या महिन्यात माकडाने हातातली पिशवी पळवली. खाऊ समजला, निघाली औषधं. मेटफॉर्मिनची (डायबेटीसची गोळी) स्ट्रिप घेऊन झाडावर बसला आणि एकेक गोळी दाबून खाली टाकत होता. खालून मी ओरडतोय, अरे जेवणानंतर, जेवणानंतर!

फिजिओ_मुलुंड
हाहा. जंगलवाले काका, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी झालं की तळव्यांना मुंग्या येतात, पाय नीट पडत नाही आणि आपण दोष देतो चपलेला.

जंगलवाला_बोरिवली
मुंग्या येतात खऱ्या. करतो.

लेडीज_बॅच
६४ व्या वर्षी पोहायला शिकले. शिवाजी पार्कचा पालिकेचा तलाव. सुनेने पूर्ण बाह्यांचा, पायांपर्यंतचा ड्रेस आणून दिला. पहिले दिवस नुसते दांडीला धरून पाय मारण्यात गेले. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही, संधिवातवाल्यांनी जरूर बघा. बाहेर येताना मात्र ओल्या फरशीवर जपून, मैत्रीण तिथेच घसरली. पाण्यात काही झालं नाही, काठावर झालं.

गिरगावचा_बंड्या
खेतवाडीची_लेक, कितवी गल्ली? आम्ही बाराव्या गल्लीतले.

खेतवाडीची_लेक
अय्या! आम्ही दहावी. तुमच्या गणपतीच्या गर्दीत माझी चप्पल गेली होती.

गिरगावचा_बंड्या
चपला सगळ्यांच्याच गेल्या. आता तीन जिने चढवत नाहीत म्हणून दहिसरला आलोय. इथे लिफ्ट आहे, पण खाली उतरून गप्पा मारायला कोणी नाही. आई दिवसभर टीव्हीसमोर. तिकडे पाणी भरायला तरी उठायची.

स्लो_लोकल
जन्म गेला चालत्या गाडीतून उतरण्यात. आता पंचाहत्तरीत मुलाने शपथ घातलीय, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. पाळली शपथ. दादरला गाडी थांबली, उठलो, तोवर आत येणारा लोंढा छातीवर. उतरलो परळला, उलट गाडी पकडून दादरला आलो. मुलाला सांगितलं नाहीये, इथे कोणी सांगू नका.

निवांत_अण्णा
मुलगा इथे वाचक असला तर?

स्लो_लोकल
तो फक्त क्रिकेटचे धागे वाचतो.

सुनंदा_पार्ले
बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचाय सासऱ्यांसाठी. तो ऑनलाइन मिळणारा, टाइलला चिकटणारा कसा आहे?

भाऊ_काळाचौकी
चिकटणारा घेऊ नका. वजन टाकलं की हातात येतो. भिंतीत ड्रिल करून स्टीलचाच बसवा, एक कमोडशेजारी, एक नळाशी.

गिरगावचा_बंड्या
आम्हालाही बसवायचाय. दहिसरकडे रविवारी येणारा प्लंबर आहे का कोणाकडे? आमचा "येतो, येतो" म्हणत गावाला गेलाय.