कांजीचे उच्चार पाठ करावेत की शब्द?

मुठेकाठचा_विद्यार्थी

नमस्कार. मी पुण्यात राहतो. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन५ पातळी मी डिसेंबरमध्ये उत्तीर्ण झालो असून येत्या जुलैमध्ये तिच्या वरची एन४ देण्याचा विचार आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारानुसारी लिप्यांनी फारसा त्रास दिला नाही. त्यांचा आ, का, सा, ता, ना हा क्रम आपल्याच वर्णमालेच्या धर्तीवर बसवलेला आहे हे कळल्यावर तर ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले. अडचण कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही चिन्हांची आहे. मी एका वहीत प्रत्येक चिन्हाला एक पान दिले आहे. त्यावर अर्थ, डावीकडे ओन्-उच्चार (चिनीतून आलेला) आणि उजवीकडे कुन्-उच्चार (मूळ जपानी शब्दाचा) लिहून ते रोज पाठ करतो. सुमारे दीडशे चिन्हे झाली आहेत आणि सुटे चिन्ह दाखवले तर मी सगळे उच्चार म्हणून दाखवतो, पण तेच चिन्ह वाक्यात आले की नेमका चुकीचा उच्चार निवडतो. उदाहरणार्थ, ‘सूर्य, दिवस’ या अर्थाच्या चिन्हाचे निची, जित्सु, हि, का हे उच्चार मला येतात. तरीही रविवारच्या ‘निचियोबी’ या शब्दात हेच चिन्ह दोनदा येते आणि पहिल्यांदा ‘निची’ तर दुसऱ्यांदा ‘बी’ का वाचायचे, हे मला सांगता येत नाही. नित्य वापराच्या यादीत २,१३६ चिन्हे आहेत. ती सगळी अशीच पाठ करायची काय?

जुना_अनुवादक

आपली मेहनत वाया गेलेली नाही, पण पान चिन्हाला न देता शब्दाला द्यावे, असे मी सुचवेन. कारण समजण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. मराठीत आपण १ला, २रा, ४था असे लिहितो. २ हा अंक सुटा असताना ‘दोन’ वाचला जातो, पण पुढे ‘रा’ आला की आपण बिनदिक्कत ‘दुसरा’ म्हणतो; ‘दोनरा’ असे कोणी वाचत नाही. लहानपणी कोणीही आपल्याकडून २ या अंकाच्या उच्चारांची यादी पाठ करून घेतली नव्हती. शब्द आधी येत होता, लेखन नंतर त्याला चिकटले.

कांजीच्या शेपटीला जोडलेली हिरागाना अक्षरे, म्हणजे ओकुरिगाना, हेच काम करतात. ‘जीवन, जन्म’ या अर्थाचे चिन्ह घ्या. पुढे ‘किरु’ असेल तर ‘इकिरु’, म्हणजे जगणे. ‘मारेरु’ असेल तर ‘उमारेरु’, म्हणजे जन्मणे. ते सुटे आले की बहुधा ‘नामा’, म्हणजे कच्चे. ‘गाकुसेइ’, म्हणजे विद्यार्थी, या शब्दात ते ‘सेइ’ होते आणि वाढदिवसाच्या ‘तान्जोबी’मध्ये ‘जो’. या यादीकडे उच्चारांची यादी म्हणून पाहिले तर डोके गरगरते, पण हे पाच शब्द आहेत असे मानले तर पाच शब्द कोणालाही लक्षात राहतात.

ढोबळ नियम असा की, ओकुरिगाना असेल तर कुन्-उच्चार आणि दोन कांजी एकमेकींना लागून असतील तर बहुधा ओन्-उच्चार. ‘बहुधा’ या शब्दावर मी जोर देतो, कारण पत्र या अर्थाच्या ‘तेगामी’मध्ये हात आणि कागद ही दोन्ही चिन्हे कुन्-उच्चाराने वाचली जातात. रविवारमधला ‘बी’ हा मुळात ‘हि’च आहे, जोडशब्दात मागे गेल्यामुळे त्याचा ‘ह’ मऊ होऊन ‘ब’ झाला. जाता जाता, ‘फुजिसान’मधला ‘सान’ हा आदरार्थी नाही. तो पर्वताच्या चिन्हाचा ओन्-उच्चार आहे. आपल्याकडे अनेकांना तो ‘फुजीसाहेब’ वाटतो.

वेलदोडा

वरील उत्तर पटते, तरी त्यात एक भर घालाविशी वाटते, कारण एकाच चिन्हाला दोन ओन्-उच्चार का असतात हे कळले की चीड बरीच कमी होते. चिनी शब्द जपानमध्ये एका खेपेत आले नाहीत. बौद्ध धर्माबरोबर आलेला जुना थर ‘गो-ओन्’ म्हणून ओळखला जातो आणि पुढे चीनमधल्या थांग राजवटीच्या काळात तिथल्या राजधानीकडून आलेला थर ‘कान्-ओन्’ म्हणून. आपल्या उदाहरणातला ‘निची’ पहिल्या थरातला आणि ‘जित्सु’ दुसऱ्या. माणसाच्या चिन्हाचे ‘निन्’ आणि ‘जिन्’ यांचेही तसेच. नवे आले म्हणून जुने गेले नाही, दोन्ही निरनिराळ्या शब्दांत टिकून राहिले. म्हणून माणसे मोजताना ‘सान्निन्’, म्हणजे तीन जण, पण भारतीय माणूस ‘इन्दोजिन्’.

दुसरे असे की, बऱ्याच कांजींचा एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. निळ्या रंगाचे चिन्ह ‘सेइ’. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की ‘निर्मळ’, सूर्य काढला की ‘निरभ्र’, वाणीचे चिन्ह काढले की ‘विनंती’. तिन्हींचा ओन्-उच्चार सेइच. मात्र डावीकडे हृदय आले की अर्थ ‘भावना’ होतो आणि उच्चार बहुतेक शब्दांत ‘जो’. हा आधार काठीसारखा आहे. टेकायला चालतो, त्यावर पूर्ण भार टाकू नये.

साताऱ्याची_सून

मी एन४ला दोनदा बसले, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते. परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, हाताने लिहावे लागत नाही, त्यामुळे मी पहिल्या वेळी लिहिण्याचा सराव सोडून दिला आणि तिथेच फसले. ‘थांबणे, वाट पाहणे’ आणि ‘हातात धरणे’ या दोन चिन्हांचा उजवा भाग एकच आहे, मंदिराचा. फरक फक्त डावीकडे, एकात चालण्याची खूण आणि दुसऱ्यात हात. डोळ्यांनी पाहून ती मला कायम सारखीच दिसत. प्रत्येकी दहा-बारा वेळा लिहिल्यावर हाताला फरक कळला आणि मग डोळ्यांना. गंमत म्हणजे धरण्याच्या चिन्हात मंदिराचा ‘जि’ हा उच्चार टिकला आहे, वाट पाहण्याच्या चिन्हात मात्र तो ‘ताइ’ आहे. वेलदोडा यांच्या काठीचा भरवसा किती, हे त्यावरून दिसते.

मुठेकाठचा_विद्यार्थी

सर्वांचे मनापासून आभार. वहीची पाने शब्दांप्रमाणे नव्याने लिहायला घेतली आहेत आणि दुसऱ्याच दिवशी एक नवे कोडे समोर आले. ‘आज’ या अर्थाचा ‘क्यो’ हा शब्द ‘आता’ आणि ‘दिवस’ या दोन चिन्हांनी लिहितात. यातला ‘क्यो’ कोणत्या चिन्हाचा? शब्दकोशात दोन्हींखाली शोधला, कुठेच सापडला नाही.

जुना_अनुवादक

कोणत्याच नाही. अख्ख्या शब्दाचा अर्थ पाहून ती दोन चिन्हे त्यावर बसवली आहेत. उच्चाराची वाटणी होत नाही. ‘ओतोना’, म्हणजे प्रौढ माणूस, हा शब्दही ‘मोठा’ आणि ‘माणूस’ या चिन्हांनी लिहितात, तोही याच जातीचा. आपल्या घरात जुनी हिशेबाची वही असेल तर उघडून पाहा. तिथे १॥ असे लिहिलेले असते आणि आजोबा ते ‘दीड’ वाचत. त्यातला ‘दी’ एकाचा आणि ‘ड’ अर्ध्याचा, असे त्यांनी कधी म्हटले नसणार.