गरीब देश पुढे जातात ते पैशामुळे की माणसांमुळे?

ऐरोलीकर: ऑफिसात परवा वाद झाला, सगळे म्हणाले मोठी गुंतवणूक आली की देश आपोआप सुधारतो. मला ते अर्धवट वाटतं. एखाद्या माणसाच्या साध्या आयडियाने खरंच फरक पडलाय अशी उदाहरणं द्या ना.

नौपाडा_निवासी: ओआरएस! १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोडा घातलेलं पाणी पाजायला सुरुवात केली, नातेवाईकच पाजायचे, आणि तिथला मृत्युदर ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आला. आज ते पाकीट घरोघरी असतं.

वाशी_से१७: लांब कशाला जाता, आपली महाराष्ट्राची रोजगार हमी बघा, म्हणजे गावात काम मागेल त्याला सरकारने मजुरीचं काम द्यायचं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर कामी आली, १९७७ ला कायदा झाला आणि २००५ ला तोच विचार देशभर गेला. आणि पैसा कुठून आला? पगारातून व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ मध्ये याच्यासाठीच लावला होता! म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नोकरदारांच्या पैशातून गावाकडच्या बाईच्या हाताला काम मिळालं, मला याचा फार अभिमान वाटतो.

घणसोली_ताई: बरोबर, पण नुसती आयडिया पुरत नाही हां. दुष्काळात बायाबापड्या मोर्चे काढून काम मागत होत्या, तो रेटा नसता तर फाईल तशीच पडून राहिली असती.