पाठदुखी, एमआरआय आणि चिठ्ठीवरची कोरी ओळ

कृष्णाकाठ:
काल ‘माणदेशी’ यांनी येथे लिहिले की, रोग्याला हात न लावता एमआरआय लिहून देणारा डॉक्टर हा डॉक्टर नसून दलाल आहे, आणि त्यांच्या गावचे जुने डॉक्टर नुसत्या बोटांनी अचूक निदान करीत. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या वडिलांची पाठ दुखू लागली, तेव्हा अशाच एका अनुभवी डॉक्टरांनी त्यांना तपासले, साधा एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही म्हणून वयोमानाने मणके झिजल्याचे सांगितले आणि गोळ्या, शेक व कंबरपट्टा यांवर पाच महिने घालवले. शेवटी शेवटी पायातली चप्पल निसटली तरी वडिलांना कळेनासे झाले. मग एमआरआय झाला, त्यात दोन मणके व मधली चकती पोखरलेली आणि शेजारी पू साठलेला दिसला. मणक्याचा क्षयरोग होता. सुईने काढलेल्या नमुन्याच्या सीबीनॅट या क्षयजंतू शोधणाऱ्या तपासणीत तो पक्का झाला आणि वर्षभर औषधे चालली. वडील आज चालतात, पण काठी सुटलेली नाही. ती काठी रोज पाहणाऱ्याला बोटांच्या निदानाचे कौतुक ऐकवत नाही.

माणदेशी:
आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले, परंतु त्याने माझे म्हणणे खोटे ठरत नाही. माझीही पाठच दुखत होती. डॉक्टरांनी मला पालथे झोपवलेसुद्धा नाही. तीन मिनिटांत चिठ्ठी हातात पडली. अहवालात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याचे निघाले आणि पुढच्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख विचारण्यात आली. मी ती करून घेतली नाही. सहा आठवडे नेमाने व्यायाम केला आणि आज दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गोठ्यापर्यंत जातो. मग ती फुगलेली चकती गेली कोठे?

क्षकिरण:
ती बहुधा आजही तशीच असेल, आणि दुखण्याच्या आधीही असेल. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या एका तरी चकतीला फुगवटा आढळला होता. मी रेडिओलॉजिस्ट आहे. माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘एमआरआय एल. एस. स्पाइन’, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा एमआरआय, एवढेच असते आणि खालची ‘क्लिनिकल हिस्टरी’ची, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांची, ओळ कोरी असते. रात्री दुखणे वाढते का, ताप येतो का, वजन घटले का, पायातला जोर किंवा लघवीवरचा ताबा कमी झाला का, यांपैकी एक शब्द जरी तेथे असला, तरी तेच चित्र मी वेगळ्या नजरेने पाहते. कृष्णाकाठ, आपल्या वडिलांच्या बाबतीत तपासणी उशिरा झाली हे खरेच, पण त्याआधी कोणी काय विचारले होते?

उंबरठा:
ती ओळ कोरी राहते ती विसरभोळेपणाने नव्हे. ज्या चिठ्ठीमागे टक्केवारी असते, तिच्यावर प्रश्न लिहिण्याचे कारणच उरत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना रुग्ण एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला होता आणि त्यांनी त्याची वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली राज्याला कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणे-घेणे, याविरोधी कायद्याचा मसुदा करावा लागला, तो उगाच नाही.

क्षकिरण:
मी आजवर कोणाला एक रुपयाही दिलेला नाही. त्यापायी केंद्र सुरू केल्यावर दोन वर्षे यंत्राचा हप्ता भरताना घरातले सोने मोडावे लागले. सरसकट सर्वांना एका दावणीला बांधू नका. हे मला सहन होत नाही.

माणदेशी:
मग एवढे सांगा. दुसऱ्या एका केंद्रात ‘डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पण मी स्वतःहून आलो आहे’ असे म्हटल्याबरोबर सात हजारांचे साडेचार हजार कसे झाले? मधले अडीच हजार कोणाचे होते?

क्षकिरण:
त्या केंद्राचे समर्थन मी करणार नाही. ते पैसे कोणाकडे जाणार होते, हे आपल्याला कळते तेवढेच मलाही कळते.

काचपट्टी:
मी प्रयोगशाळेत काम करतो. टक्केवारी नसतानाही चुकीची तपासणी होते, याकडे कोणी पाहतच नाही. ताप येऊन दोन दिवस होतात न होतात तोच रुग्ण स्वतः येऊन ‘टायफॉइडचे बघा’ म्हणतो आणि विडाल करून घेतो. त्या चाचणीत दिसणारी प्रतिद्रव्ये साधारण आठवड्यानंतर वाढतात. शिवाय ती जुन्या संसर्गाची किंवा लसीचीही असू शकतात. प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, लावावे, तर त्याला काही दिवस लागतात आणि तेवढा धीर कोणाला नसतो. मग ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद घरी जातो आणि डेंग्यू असला तरी टायफॉइडचे औषध चालते. यंत्र खोटे बोलले नाही, पण रोगी फसलाच.

माणदेशी:
‘दलाल’ हा शब्द मी सर्व डॉक्टरांना लावायला नको होता, एवढे मान्य करतो. कृष्णाकाठ यांच्या वडिलांना एमआरआय पहिल्याच महिन्यात हवा होता, हेही मान्य. परंतु कट प्रॅक्टिसविषयी लिहिलेला एकही शब्द मी मागे घेणार नाही, आणि हात लावून तपासण्याविषयीचा तर मुळीच नाही.

कृष्णाकाठ:
क्षकिरण यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे. काल आईला विचारले. तिने सांगितले की, त्या पाच महिन्यांत रोज सकाळी वडिलांचे बनियन घामाने चिंब असायचे आणि ती ते पिळून दोरीवर टाकायची. तो क्षयाचा घाम होता, पण उकाड्याने घाम येतो, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी ते विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. माझा राग त्यांनी एमआरआय लिहिला नाही यावर होता. आता वाटते, पाठीवर पाच मिनिटे हात ठेवून त्यांनी रात्रीच्या घामाविषयी विचारले असते, तर एमआरआयची चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी लिहिली असती.