जिताड्यात नर फिरतो, की कोवळा मासा फिरतो?

खारेपाटकर (धागाकर्ता)
परवा घरी खाडीतला दहा किलोचा जिताडा आला. आत्या विळीवर बसली, पोट उघडलं तर गाबोळीचे, म्हणजे अंड्यांचे, दोन लांबलचक पिवळे लोंबे. म्हणाली, "एवढ्या मोठ्याला असायचीच. आपल्या तळ्यातल्याला कधी बघितलीस का?" खरंच नाही बघितली. कारण सोपं आहे. तळ्यातला जिताडा दोन-तीन वर्षांत जाळ्यात येतो, आणि जिताडा आधी नर असतो. तीन ते पाच वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, सहा ते आठच्या सुमारास मादी होतो.

ऑस्ट्रेलियात यालाच बारामुंडी म्हणतात. तिथे नदीत वर, गोड्या पाण्यात सापडतात ते बहुतेक नर. मोठ्या माद्या खाली मुखाशी नि किनाऱ्याला. अंड्यांना खारं पाणी लागतं, म्हणून वीण मुखाशीच. पिल्लं भरतीबरोबर खाजणात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या दलदलीत शिरतात, त्यातली काही पुढे नदीने वर जातात, काही वर्षांनी नर होऊन विणीला खाली उतरतात आणि पुढे तिकडेच मादी होतात. यावरून लगेच "नर आणि मादी यांच्या हालचालीत फरक" असा निष्कर्ष निघतो. मला तो पटत नाही. सस्तन प्राण्यांत बहुतेक नर घर सोडतात, पक्ष्यांत बहुधा माद्या लांब जातात, तिथे हे बोलणं ठीक. इथे नर आणि मादी एकच मासा आहे! नोकरीत असताना रोज लोकलने धावणारा आणि निवृत्तीनंतर गावी ओटीवर बसणारा माणूस एकच असतो. त्याच्या दोन जाती धरून कोणी तुलना करतं का? हा वयाचा फरक आहे, लिंगाचा नव्हे.

अवंती_समुद्र
जिताड्यापुरतं ठीक, पण तुम्ही एका माशावरून सगळ्यांना झोडपताय. कॅरिबियन समुद्रातला ब्लूहेड रॅस बघा. हा उलटा, मादीचा नर होतो. माद्या रोज ठरलेल्या वेळी आपल्या चरण्याच्या जागेवरून खडकाच्या टोकाशी जातात, अंडी सोडतात, परततात. निळ्या डोक्याचा मोठा नर ती जागा धरून बसतो. त्याला काढलं की सगळ्यात मोठी मादी काही मिनिटांत त्याच्यासारखी वागायला लागते, आणि आठ-दहा दिवसांत खरीखुरी नर होते. आठ दिवसांत वय किती वाढलं तिचं? कालपर्यंत ये-जा करणारी आज जागा सोडत नाही. हा तुमच्या लोकलवाल्याचा दाखला नाही.

खारेपाटकर
उदाहरण छान, पण ते माझ्याच बाजूने पडतं. ज्या माद्यांचे बीजांडकोश आधीच काढून टाकले होते त्यांनीही नर हटवल्यावर हेच केलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. म्हणजे वागणं आधी बदललं, आणि त्यासाठी बीजांडकोश लागलाच नाही. कळपात आपण सगळ्यात मोठे आहोत, एवढं पुरलं. वय नाही म्हणता, बरं, मोठेपणा म्हणा. लिंग तरी मागाहूनच आलं ना?

अवंती_समुद्र
मागाहून आलं म्हणून खोटं होत नाही. मेक्सिकोच्या आखातातला गॅग नावाचा हेकरू घ्या. हाही मादीचा नर होणारा. नर वर्षभर खोल पाण्यात, शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला राहतात. माद्या विणीपुरत्या तिथे जातात आणि उथळ पाण्यात परततात. बोटी कडेवर जायला लागल्या आणि नर भराभर निघाले. १९७० च्या दशकात सुमारे १७ टक्के असलेले नर १९९० च्या दशकापर्यंत दोनेक टक्क्यांवर आले. मासेमारी माशाचं वय विचारून होत नाही हो, जागा बघून होते. आणि त्या जागेवर कोण असतं? नर. शेवटी २००० साली तिथे राखीव क्षेत्रं करावी लागली. तुमचा शब्दांचा काथ्याकूट त्या हेकरूला काय कामाचा?

रेतीबंदर
दोघेही पुस्तकातून बाहेर या. आमच्याकडे जिताड्याची पिल्लं पावसात उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झापांच्या दारातून, आत येतात. बांध घातला, उघाडीची झापं गंजली, की पिल्लू आत येत नाही आणि आत असलेला मोठा बाहेर जात नाही. तो नर आहे की तरुण आहे हे बांधाला कळत नाही. वाट अडली की पुढची मादी तयार होणार कुठून, एवढाच प्रश्न.
दुसरं, मोठी मादी पाण्यात परत सोडा असं कोणी सांगेल म्हणून आधीच बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंमीच्या खालचा आणि १२० च्या वरचा बारामुंडी ठेवता येत नाही. शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत खालची मर्यादा ५५, वरची नाहीच. त्यांचंच एकमत नाही आणि आम्ही मिळालेला बारा किलोचा जिताडा सोडायचा? डिझेल कोण भरतं?

खारेपाटकर
सोडा म्हटलं का मी? मीच खाल्लाय. पण उघाडीचं अगदी खरं. लहानपणी आमच्या शेताच्या उघाडीपाशी ओहोटीला बोटभर पिल्लं खळखळत्या पाण्यात उलटी पोहताना दिसायची.
अवंती, गॅगचा मुद्दा मान्य. नियम करायला जागा कळली की पुरे, कारण काही का असेना. पण पिल्लाचं पहिलं दूर जाणं तरी लिंगावर नाही ना? क्लाऊनफिशचं पिल्लू दहा-बारा दिवस वाहत जाऊन समुद्रफुलात (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात) बसतं, तेव्हा ते नर नसतं की मादी. नंतर सहसा हलतही नाही, मादी मेली की तिथेच नराची मादी होते. घर सोडणं आधीच उरकलेलं.

कान_टवकारून
एक भर. ऑस्ट्रेलियातले सगळे जिताडे नदीत वर जातच नाहीत, बरेच जण आयुष्यभर खाऱ्यातच राहतात. शिवाय २०१२ मध्ये श्रीलंका आणि म्यानमारमधून या माशाच्या दोन वेगळ्या जाती नोंदल्या गेल्या, त्यामुळे तिकडचं वेळापत्रक रेवदंड्याच्या खाडीला जसंच्या तसं लावू नका. कोण कुठे राहिला हे माशाच्या डोक्यातच लिहिलेलं असतं. कानातला पांढरा खडा झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो. खाऱ्या पाण्यातल्या थरात स्ट्राँशियम जास्त, गोड्या पाण्यातल्या थरात कमी. धागाकर्ते, तुमची दहा किलोची बाई कधी गोड्या पाण्यात गेली होती का, हे त्या खड्यावरून कळलं असतं. डोकं ठेवलंय का?

खारेपाटकर
डोक्याचं कालवण झालं. आत्याला आत्ताच फोन केला. काटे मांजराला घातले म्हणाली.

रेतीबंदर
मांजर नर की मादी?